तोडलेलं वाक्य

बिडकीनच्या सभेत भाषण आटोपून सुलेखा खाली उतरली, तेव्हा एक तरुण आडवा आला. हातात कॅमेरा, गळ्यात हेडफोन, शर्टभर धूळ.

"मॅडम, पूर्ण नाव सांगा ना. फाईलवर टाकायचंय."

"कुणाच्या फाईलवर?"

तो घुटमळला. "पोलिसांच्या... म्हणजे, मी शूटिंगवाला. सभेचं रेकॉर्डिंग ठाण्यात नेऊन द्यायचं, एवढंच काम."

"मग नाव त्यांनाच विचारा. असेल त्यांच्याकडं."

ती चार पावलं चालली असेल-नसेल, मागून आवाज आला — "आवाज लई चांगला आलाय तुमचा. रेकॉर्डिंगमधी म्हणतोय..."

तिनं वळून पाहिलं नाही. हसू मात्र आलं, आणि त्या हसण्याचाच तिला राग आला.

सुलेखा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. बिडकीनच्या पलीकडच्या एका गावात बौद्धवस्तीच्या स्मशानाकडं जाणारा रस्ता एका जमीनदारानं काटेरी तार ओढून बंद केला होता. मोतीरामकाकांनी समिती काढली आणि बोलायला तिला पुढं केलं. तेव्हापासून सभा होत होत्या, आणि सभा म्हटली की कॅमेरा घेऊन तो शूटिंगवाला, शिवराज, हजर.

"तुझ्यासाठी येतोय गं तो," तिची मैत्रीण मोनिका म्हणायची.

"पोलिसांसाठी येतोय."

मग एकदा शहरातल्या आमखास मैदानावरच्या सभेला तो आला तो कॅमेऱ्याशिवायच. तिसऱ्या रांगेत बसून शेंगदाणे सोलत होता. सुलेखाच्या कपाळावर आठी आली. कॅमेरा असला की पोलिसांचा माणूस निदान ओळखू तरी येतो. बिनकॅमेऱ्याचा जास्त धोक्याचा. सभा संपताच ती सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"आज ड्युटी नाही?"

"नाय. नुसतं ऐकायला आलो."

"काय ऐकायला?"

"तुम्ही 'कळकळ' म्हणता ना... त्यातला 'ळ'." म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"गाव कुठलं तुमचं?"

"कन्नड तालुक्यातलं. पाचेक एकर रान हाय."

"आडनाव?"

त्यानं सांगितलं. तिचे डोळे बारीक झाले. तारवाल्याचंही आडनाव तेच.

"आडनाव एक असलं की पाहुणे व्हतात का, मॅडम?" तो हसत म्हणाला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तरी विद्यापीठ गेटजवळच्या टपरीवर चहा सुरू झाला. आधी कधीमधी, मग दर गुरुवारी. तो लग्नांच्या शूटिंगमधल्या गमती सांगायचा... ती हसायची, आणि हसताना फोन पालथा घालून ठेवायची. पुढची सभा कुठं, हे तिनं त्याला कधीही सांगितलं नाही. तोही विचारायचा नाही. का विचारत नाही, याचाही तिला संशय यायचा.

मार्चमध्ये नुकत्याच झालेल्या सभेची एक क्लिप फिरली. अठरा सेकंदांची. पडद्यावर सुलेखा, मूठ वर, आणि वाक्य — "रस्ता दिला नाही तर गाव पेटवून देऊ!"

"...असं म्हणायला आम्ही आलेलो नाही," हा पुढचा भाग कुणीतरी साफ कापला होता. संध्याकाळपर्यंत क्लिप वडिलांच्या कारखान्यातल्या ग्रुपवरही पोचली. खाली शिव्या अशा, की आईनं फोन हातात घेणं सोडलं. द्वेष पसरवल्याची तक्रार झाली आणि तिला ठाण्यात बोलावणं आलं.

ती तडक टी. व्ही. सेंटर भागातल्या शिवराजच्या स्टुडिओत गेली.

"माझं वाक्य तोडलंस तू!" रागात 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"मी?" त्यानं तिच्याच फोनवर क्लिप मोठी करून धरली. "कोपऱ्यात ही काळी सावली दिसती का? ते माझं डोकं हाये. माझ्या मागून कुणीतरी मोबाईलवर घेतलंय."

तिनं निरखून पाहिलं. हेडफोन, कॅमेरा, विस्कटलेले केस. त्याचंच डोकं. ती धपकन स्टुलावर बसली. त्यानं अख्खं रेकॉर्डिंग लावलं. तिचं वाक्य पुरं ऐकू आलं, शेवटच्या शब्दापर्यंत. तिचे डोळे भरून आले... आणि त्यानं एवढ्या घाईनं ते बंद केलं की डोळे पुसता पुसता ती थबकली.

"पुढं काय आहे?"

"काय नाय. टाळ्या हायेत."

"लाव."

त्यानं लावलं. तिचाच आवाज, चिरलेला, तापलेला — "ह्या आडनावाची माणसं जन्मानंच विषारी! सापाच्या पोटी सापच येतो!" आणि मग खरंच टाळ्या. कितीतरी वेळ.

ज्या एका शब्दापायी तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो शब्द तिच्या तोंडून असा सहज निघाला होता. जन्मानं.

"उद्या ठाण्यात द्यायचंय हे," शिवराज हलकेच म्हणाला. "मी पहिली सहा मिनिटं देतो. पुढं कार्ड बिघडलं म्हणतो. तू सुटशील."

"आणि उरलेलं तुझ्याकडं राहील. मग उद्या?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला... असं वाटतं माझ्याबद्दल?" मग खाली बघत म्हणाला, "माझी आई बी त्याच आडनावाची हाये, सुलेखा. पहाटेपासून रानात राबती. त्या दिवशी शूट करताना माझा हात हलला. दिसतंय बघ, चित्र हललंय तिथं."

दिसत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला त्याच्यावर शंका घ्यायला जागा सापडेना.

"अख्खं दे," ती उठत म्हणाली. "माझं वाक्य तोडणाऱ्यात आणि आपल्यात मग फरक काय राहिला?"

"गुन्हा लागला तर? वकिलीचं काय?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या साहेबांनी सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. पेटवण्याची धमकी खोटी ठरली. सापाच्या वाक्याबद्दल सुलेखानं लिहून दिलं — हे शब्द माझेच आहेत. रस्त्याबद्दल जे बोलले ते शंभरदा बोलेन. जन्मावरून बोलले ती माझी चूक. पुन्हा बोलणार नाही. साहेबांनी समज देऊन सोडलं.

मोतीरामकाका मात्र भडकले. "बोलायचा हक्क लई मोलानं मिळालाय पोरी, आणि तू माफी लिहून आलीस? त्यांच्या हाती कोलीत दिलंस!"

"तारवाल्याला हवं ते बोला, काका. मीही बोलेन. त्याच्या जन्माला नको."

काकांनी पुढच्या सभेच्या पत्रकातून तिचं नाव काढलं. तार अजून जागच्या जागी होती. तहसीलची तारीख पुढच्या महिन्याची. आणि शिवराजचा फोन नाही, की मेसेज नाही. एक गुरुवार गेला. दुसरा गेला...

तिसऱ्या गुरुवारी अवकाळी भुरभुर सुरू झाली. सुलेखा टपरीच्या पत्र्याखाली उभी होती, आणि तो भिजत आला.

"कुठं होतास?"

"घरी. आईला तुझं भाषण ऐकवलं."

तिनं कप खाली ठेवला. "सगळं?"

"अख्खं दे म्हणाली होतीस ना."

"मग... काय म्हणाल्या?"

"दोनदा लावायला लावलं. म्हणाली, मयताची वाट अडवणाराला कीडच पडंल, पोरगी खरं बोलती. आणि त्या सापाच्या वाक्याला म्हणाली — तिला घेऊन ये. हे माझ्या तोंडावर बोल म्हणावं, मग मी बी बोलंन."

सुलेखाला हसावं की घाबरावं कळेना. "बोलावलं कशाला पण? तू काय सांगितलंस त्यांना?"

"हेच, की..." त्यानं भिजले केस मागं सारले. "की मला ही आवडती. चिडलेली बी, चुकलेली बी. रोज एक नवा संशय घेती, तरी."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं रोखून पाहिलं, साक्षीदाराकडं पाहावं तसं. सगळं तपासून पाहिलं. पाऊस पत्र्यावर टपटपत होता, आणि तो पापणीही न हलवता उभा होता.

"भांडण झालं तर मध्ये पडायचं नाही," ती म्हणाली. "माझं मी बोलेन त्यांच्याशी."

"नाय पडणार."

"मग सांग," ती त्याच्या जवळ सरकत म्हणाली, "रविवारी कन्नडची पहिली गाडी किती वाजता असते?"