यांना घेऊन गेलेली गाडी

चोरी केलीत तुम्ही. कुलूप न तोडता, गाडीची काचही खाली न करता, भर दुपारी लोकांच्या स्वयंपाकघरातले शब्द उचलून नेलेत. आणि वर तोंड करून म्हणता, दार उघडंच होतं!

साहेबांसमोर हे सगळं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी नवी, म्हणून गिळलं.

कंपनीची गाडी नकाशासाठी रस्त्यांचे फोटो काढत फिरली होती. जाता जाता गाडीच्या टपावरच्या अँटेनाने पासवर्ड नसलेल्या वायफायवरून मिळेल ते ओढून घेतलं होतं : पत्रं, फोटो, आवाजांचे तुकडे. आता बोभाटा होण्याआधी, संध्याकाळी पाचच्या आत, ते सगळं पुसून टाकायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"कुणाला कळवायचं नाही," साहेबांनी बजावलं होतं. "उगाच विषाची परीक्षा कशाला?"

तिला ते पटेना. चार वाजता डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली, आणि ज्यांचं उचललं होतं त्या घरांच्या यादीतल्या सगळ्यात जवळच्या घरी जाऊन थडकली.

दार एका आजींनी उघडलं. आत उन्हाचा कवडसाही नव्हता. कोंदट वास होता आणि घड्याळाची टिकटिक. लांब राहणाऱ्या मुलाने आईवर लक्ष राहावं म्हणून स्वयंपाकघरात आवाजही टिपणारा कॅमेरा बसवला होता. आई विसरते, म्हणून वायफायला पासवर्ड ठेवला नव्हता.

"त्याला वाटतं, मी गॅस चालू ठेवून झोपते," आजी फणकारल्या. "एकदाच झालं होतं ते!"

कंपनीच्या गाडीने इथून काय उचललं ते सांगून तिने मोबाईलवर त्यातला एक तुकडा ऐकवला. भांडं ठेवल्याचा आवाज. मग एक घोगरा पुरुषी आवाज, अगदी कानाशी : "अगं... ऐकतेस ना?"

आजींनी मोबाईल तिच्या हातातून ओढून घेतला.

"हे आहेत. कधीचं गं?"

"दोन वर्षांपूर्वीचं."

"यांना जाऊन सहा वर्षं झाली, बाळ."

तिने तुकड्याची तारीख पुन्हा तपासली. आजी मात्र रडत नव्हत्या, चिडल्या होत्या.

"गेल्यावरही रोज दुपारी इथेच असायचे. खुर्ची ओढायचे, हाक मारायचे. मग ती डोक्यावर खांब लावलेली गाडी गल्लीतून गेली... आणि घर मुकं झालं. मला वाटलं, कंटाळले माझ्या कटकटीला."

"आजी, हा तुकडा देऊ का तुम्हाला?"

"हा नुसता आवाज. हे यात नाहीत." आजींनी तिचं मनगट गच्च धरलं. "तुम्ही नेलंत यांना. तिकडे आहेत ते. पुसू नकोस गं... घरी आण."

ती धापा टाकत ऑफिसात पोचली तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. घराघरांतून ओढलेलं सगळं साठवलेल्या मशीनच्या खोलीत काळी कपाटं एकसुरात घुमत होती. आजींच्या गल्लीची डिस्क तिने उपसून पिशवीत टाकली. त्याबरोबर तिच्या खांद्यावर माणसाएवढं ओझं आलं.

कशीबशी ती दारापर्यंत आली. बाहेर सफाईवाल्या मावशी पोछा धरून उभ्या होत्या. त्यांची नजर तिच्यावर नव्हती, तिच्या पाठीमागे होती.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "आजोबांना नेताय, चांगलं केलंत. पण दार ओढून घेऊ नका... आत बाकीचे सगळे उठून चपला शोधतायत."