नडग्यांवरचे डाग

घरोघरी टेलिफोन नव्हते तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी खासगी शोधकाम करणाऱ्या बाईंकडे अशील आलं की आधी आपला पत्ता लिहून देई. त्या सकाळी आलेल्या शिक्षिकेच्या अक्षरांवर डोक्यावरची रेघच नव्हती.

"माझी वहिनी बाबांना मारते," ती म्हणाली. "दोन्ही पायांवर काळेनिळे डाग आहेत. संध्याकाळी भाऊ प्रवासाहून येतोय. आजच तिला घराबाहेर काढायला लावते."

"बाबा काय म्हणतात?"

"काय म्हणणार? घाबरलेत."

"उघड आहे सगळं!" बाईंचे सोबती, निवृत्त ड्रॉइंगमास्तर, उठलेच.

"तुम्हांला नेहमीच उघड असतं, मास्तर. छत्री घ्या."

बाबा जुने पुस्तक-बांधणीकार. खिडकीशी खुर्चीत बसले होते. खिडकीत त्यांचा दात घासायचा ब्रश होता, केस तांबूस झालेला.

"सूनबाई? मला मारते?" ते हसले. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या. "अहो, डाग आपोआप उठतात. पण म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण!"

बाईंनी भिंगातून नडग्या पाहिल्या. मोठ्या डागांभोवती, केसाकेसाच्या मुळाशी, लाल ठिपका होता.

"आणि तळहाताचं हे काय?"

"पुठ्ठा कापताना सुरी लागली होती. चाळीस वर्षं झाली. महिन्यापासून पुन्हा उकललंय."

स्वयंपाकघरात वहिनी रडून लाल झाली होती. "छळायचं असतं तर इतकं पथ्य सांभाळलं असतं का? दीड वर्षात कागदाबाहेरचा एक घास दिला नाही मी."

"कसला कागद?"

तिनं कपाटाचं दार उघडलं. आतून चिकटवलेला, पिवळा पडलेला कागद. 'दूध, पाव, मऊ भात, उकडलेलं अंडं. फळं, भाज्या, आंबट अजिबात नको.'

बाईंनी तो अलगद सोडवला आणि सगळ्यांना बाबांपाशी बोलावलं.

"मारणारा हात केसांची मुळं शोधत बसत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं हिरड्या सुजत नाहीत. चाळीस वर्षांचा घाव उकलत नाही. बाबांच्या पोटात 'क' जीवनसत्त्वच जात नाहीये. ते नसलं की शरीर शिवण कुजलेल्या पुस्तकासारखं सुटत जातं. आज डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. वेळेवर कळलंय, बरे होतील."

"म्हणजे वहिनीनंच उपाशी—" मास्तर म्हणाले.

"तिनं फक्त आज्ञा पाळली." बाईंनी कागदाशेजारी सकाळचा पत्ता ठेवला. दोन्हींवर एकाही अक्षराला रेघ नव्हती.

शिक्षिकेनं कागद उचलून पुन्हा वाचला. "बाबांचं पोट बिघडलं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं पथ्य सांगितलं. मी घाईत उतरवून घेतलं, चिकटवलं आणि..."

"आणि 'पंधरा दिवस' लिहायचं राहिलं."

शिक्षिका चप्पल न घालताच बाहेर पडली. परत आली तेव्हा पदरात संत्री होती. घाईघाईनं सोलताना ती सालीबरोबर फोडीही फाडू लागली, तेव्हा वहिनीनं तिच्या हातातून संत्रं काढून घेतलं.

"द्या ताई. तुम्ही बिया काढा."

बाबांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"नणंद-भावजय एका ताटलीवर," ते म्हणाले. "आता मात्र मी खरंच घाबरलोय."