ताईचा डावा हात

"तिच्या हातात चावी दिलीस, तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते!"

आईने हे म्हटलं ते धाकट्याकडे बघून. ताई त्या वेळी तिच्या पलंगाशी गुडघे टेकून तिच्या पाठीचा पट्टा आवळत होती, तिचा चेहरा आईच्या चेहऱ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर होता; पण गेली बावीस वर्षं आई तिच्याविषयी अशीच बोलत आली होती, ती खोलीत नसल्यासारखी... ताईने पट्ट्याचं शेवटचं बंद लावलं, आत दोन बोटं जातात ना ते पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

"आई, सोमवारी मी कामासाठी परगावी जातोय," धाकटा म्हणाला. "वर्षभर येणं नाही. आठवड्यातून दोनदा तुला उपचाराला कोण नेणार?"

"भाड्याची गाडी आहे की."

"तिची सीट आडवी होत नाही. आपल्या गाडीची मी कापून बसवलीय, तुझ्यासाठी. ती गाडी फक्त ताईच चालवू शकते."

"फक्त ताईच!" आई कडवट हसली. "एकदा चालवली होती तिने. हे बघ त्याचं फळ!" आणि तिने आपल्या निर्जीव झालेल्या कंबरेवर हात आपटला.

ताई कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही, हे तिला पुष्कळ वर्षांच्या सवयीने माहीत होतं.

त्या दिवशी गाडीत तिघंच होती. ताई पंचवीस वर्षांची, नुकती गाडी शिकलेली. मागच्या सीटवर आई, उन्हाने ग्लानी येऊन डोळे मिटलेली. आणि पुढे ताईशेजारी नऊ वर्षांचा धाकटा, ज्याला घरात सगळे बाळ्या म्हणत. वळणाच्या थोडं आधी त्याने विचारलं होतं, "ताई, हा दांडा ओढला तर काय होतं गं?" रस्त्यावरची नजर न काढता ताई म्हणाली होती, "गाडी थांबते." आणि त्याने ओढला! दोन्ही हातांनी, सगळी ताकद लावून... मागची चाकं जागच्या जागी अडकली, गाडी गर्रकन फिरली आणि आईच्या बाजूने पुलाच्या कठड्यावर आदळली.

बाळ्याच्या डोक्याला मार बसला होता. तो तीन दिवसांनी शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. गाडी ओढून नेणाऱ्या मेकॅनिकने वडिलांना सांगितलं, हँडब्रेक वर ओढलेला होता. वडिलांनी विचारलं, कोणी ओढला? तेव्हा ताईने काचेपलीकडच्या खाटेवरच्या त्या इवल्याशा पट्टी बांधलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मी. घाबरले मी."

एवढंच! तीन शब्दांचं खोटं. ते बोलायला तिला श्वासभरही वेळ लागला नव्हता, आणि ते वाहून नेताना केस पांढरे झाले. ठरलेलं लग्न मोडलं. वडील गेले. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सकाळी आईची अंघोळ, दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या, संध्याकाळी आईचे व्यायाम. आणि बाळ्या मोठा होऊन गाडी ड्रिफ्ट करायला शिकवणारा मास्तर झाला! लोक त्याच्याकडे मुद्दाम गाडी घसरवायला शिकायला येत. ही बातमी त्याने ज्या दिवशी उड्या मारत सांगितली, त्या रात्री ताई जेवली नव्हती.

"उद्यापासून सकाळी सहाला मैदानावर," आता तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "आधी घसरायला शिकायचं, मग चालवायला. जो जाणूनबुजून घसरलाय, त्याची भीती जाते."

"माझं वय बघ रे."

"सत्तेचाळीस. माझा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी त्रेसष्टचा आहे. आणि तो तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतो."

नाही म्हणायला जो जोर लागतो, तोही ताईच्या अंगात उरला नव्हता. ती गेली.

मैदान म्हणजे एका बंद गोदामासमोरची लांबरुंद काँक्रीटची फरशी. बाळ्याने पाइपाने ती ओली केली, मधोमध नारिंगी रंगाचा एक शंकू ठेवला आणि ताईला त्याच्याभोवती गोल फिरायला सांगितलं. गाडी जुनी, मागच्या चाकांवर जोर असलेली. "आता ॲक्सिलरेटर दणकन दाब. शेपटी बाहेर जाईल. जाऊ दे तिला! तू स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरव आणि बघ मात्र जिथे जायचंय तिथे. शंकूकडे बघितलंस तर शंकूवर जाशील."

पहिल्या दिवशी गाडी सतरा वेळा भिंगरीसारखी फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. ताईने दार उघडलं.

"सर, मला घरी सोडता का?" ती म्हणाली.

"शाळा सुटायला वेळ आहे. पाणी प्या आणि बसा जागेवर."

दुसऱ्या दिवशी तिला कळलं, की पाय एकदम काढला तर गाडी फिरते आणि किंचित काढला तर सावरते. तिसऱ्या दिवशी तिने गाडी अर्धं वर्तुळभर घसरत ठेवली, बाजूच्या काचेतून समोरचं जग बघत, टायरांचा तो ओला, लांबलेला आवाज कानात घेत... आणि ती हसली! स्वतःचंच हसू ऐकून दचकली. बाळ्याने पुढच्या डॅशबोर्डवर थाप मारली. "बघ! बघ! आणि आई म्हणते तुला येत नाही!"

ताईचं हसू मावळलं. घरी जाऊन कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी द्यायची होती, आठ पन्नासची बस होती.

चौथ्या दिवशी त्याने शंकू उचलला आणि दूर वळणाच्या जागी ठेवला.

"आज हँडब्रेक. वेग चाळीस. क्लच दाबायचा, बटण दाबून धरायचं, एक झटका ओढायचा आणि लगेच सोडायचा. लोकांना वाटतं हा ओढला की गाडी थांबते. पळत्या गाडीला तो थांबवत नाही, फिरवतो."

ताईने इंजिन बंद केलं.

"ताई, मला माहितेय हे तुला जड जाणार. पण तू त्या दिवशी घाबरून जे केलंस, तेच आज शहाणपणाने करायचंय. मग ते भूत उतरेल."

तिने गाडी काढली. चाळीस. शंकू जवळ आला. "ओढ!" तो ओरडला. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. गाडी सरळ पुढे निघून गेली.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. तिने ठरवून डावा हात खाली न्यायचा प्रयत्न केला, पण मागची चाकं ओल्यावर जराशी सरकताच तो आपोआप परत वर आला आणि स्टिअरिंगला चिकटला. नऊ वेळा झालं. बाळ्याने आजवर दोनशेच्या वर नवशिकी माणसं या सीटवर बसलेली पाहिली होती. घाबरलं की कोणी ब्रेकवर उभं राहतं, कोणी डोळे मिटतं, कोणी हातच सोडून देतं. आणि प्रत्येकजण दर वेळी आपलं ठरलेलं तेच करतो. ताईचे हात दर वेळी स्टिअरिंग धरत होते.

"एकदा मी ओढतो," तो हळूच म्हणाला. "तू नुसतं सावर."

शंकू आला. त्याचा हात दांड्यावर गेला, गाडीची शेपटी सुटली, आणि ताईच्या तोंडून एक किंकाळी फुटली—

"बाळ्या, सोड! सोड तो! आई मागे आहे!"

गाडी फिरून थांबली. इंजिन बंद पडलं होतं. मागची सीट रिकामी होती.



"त्या दिवशी हँडब्रेक कोणी ओढला, ताई?"

"मी."

"तुझा हात तिकडे जातच नाही! आत्ता नऊ वेळा पाहिलं मी."

"चल, माझी बस चुकेल..."

"ताई!" त्याचा आवाज चिरकला. "मला काही आठवत नाही गं. पण मला कळलंय. निदान खोटं तरी बोलू नकोस आता."

ताईने काचेवरच्या चिखलाच्या थेंबांकडे पाहिलं. तिला इतकं थकल्यासारखं वाटलं, की आणखी एक खोटं उचलणं शक्यच नव्हतं. "तू विचारलंस, हा ओढला तर काय होतं. मी म्हटलं गाडी थांबते. अर्धवट उत्तर दिलं मी! नऊ वर्षांच्या मुलाची त्यात काय चूक? आईला मात्र सांगू नकोस हं. तिला तुझ्याशिवाय कोण आहे?"

त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं. तिला उठवून शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी थेट घराकडे नेली.

ताई दारातच उभी राहिली. आत बाळ्या, तो एकतीस वर्षांचा दणकट माणूस, आईच्या पलंगाशी जमिनीवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत सगळं सांगत होता. आई छताकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली... ताईकडे.

"खरं?"

ताईने मान खाली घातली.

"मूर्ख कुठली!" आई म्हणाली. "कोणी सांगितलं होतं तुला? नऊ वर्षांचं पोर ते! त्याला मी संध्याकाळपर्यंत माफ केलं असतं! एक संध्याकाळ लागली असती फक्त! आणि तू... बावीस वर्षं वाया घालवलीस?"

ताईने बावीस वर्षांत आईसमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण जो प्रश्न तिने स्वतःलाही कधी विचारू दिला नव्हता, तो आता आपला आपणच ओठांवर आला.

"मग मला का नाही केलंस, आई?"

"काय?"

"माफ. त्याला संध्याकाळपर्यंत केलं असतंस. मीही तुझंच पोर होते. मी घाबरून ओढला असं तुला वाटत होतं ना? मुद्दाम नव्हे, घाबरून! मग मला बावीस वर्षांत एकही संध्याकाळ का नाही मिळाली?"

बाळ्याने रडणं थांबवलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली.

"तू जाणार नाहीस, हे मला ठाऊक होतं," आई शेवटी म्हणाली, इतक्या हळू की ताईला पुढे यावं लागलं. "सगळ्यांवर रागावून चालत नाही. माणसं निघून जातात. तुझ्यावर कितीही रागावलं, तरी सकाळी तू गरम पाणी घेऊन येणारच... म्हणून असेल. दुसरं कारण मला सापडत नाही. वाईट आहे, पण हेच आहे, पोरी!"

पोरी! ताई पलंगाशी खाली बसली. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडायलाही बळ लागतं. तिने नुसतं डोकं गादीच्या काठाला टेकवलं.

"बाळ्या, मला उठवून बसव," आई म्हणाली. "हो, सरळ. पाय खाली सोड माझे. आता तिचं डोकं इथे ठेव, मांडीवर."

"आई, तुझी पाठ..."

"ठेव म्हटलं ना!"

मांडीवर डोकं टेकताच ताईला झोप लागली. ओलसर कपड्यांनी, बूट पायात तसेच, तोंड किंचित उघडं. आईने तिच्या पांढऱ्या झालेल्या बटा कानामागे सारल्या. आधी एक, मग दुसरी, मग जणू सगळ्या मोजायच्याच आहेत अशा.

बाळ्याने बाहेर जाऊन प्रयोगशाळेत फोन केला, ताई आज येणार नाही म्हणून. "बरी आहे ना?" तिकडून कुणीतरी विचारलं. "एवढ्या वर्षांत कधी रजा घेतली नाही हो त्यांनी." "झोपलीय," तो म्हणाला.

वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला बजावलेलं होतं. तो परत आला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. आईच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ दातांखाली दाबलेला होता.

"आई, आता आडवी हो. मी ताईला उचलतो."

"हळू बोल," आई कुजबुजली. "मंगळवारी उपचाराला किती वाजता निघायचं, ते ती उठली की विचारायचंय मला. तोवर हात लावू नकोस तिला."

दुपारचे साडेबारा झाले. ताई झोपलेलीच होती. आई हलली नाही.