मामाची निळी नळी

“फ्यूज काढलास का रे?” बॉनेटखालून मोरिहिकोमामाचा आवाज आला.

“काढला,” तेप्पेइने पंपाचा इवलासा फ्यूज चिमटीत धरून दाखवला. “पण कशाला काढायचा?”

“पेट्रोलचा पंप बंद ठेवायला. मग गाडी सुरू केली की पाइपात उरलेलं पेट्रोल संपतं आणि ती आपोआप बंद पडते. दाब गेला! नाहीतर पाइप उघडल्या उघडल्या थेट माझ्या तोंडावर कारंजं.”

“चालेल की, निदान तू धुतलेला तरी दिसशील,” दहा वर्षांचा तेप्पेइ म्हणाला, आणि मामाचं तेलकट फडकं त्याच्या डोक्यात येऊन आदळलं.

दरवर्षी ओबोनच्या, म्हणजे गेलेली माणसं घरी भेटायला येतात त्या सणाच्या, सुट्टीत मामा तोक्योहून गावी यायचा, आणि येताना त्याच्या म्हाताऱ्या पांढऱ्या गाडीसाठी काहीतरी नवं घेऊन यायचा. या खेपेला लाल चकचकीत रेग्युलेटर होता. इंजिनाला पेट्रोल किती दाबाने मिळावं ते हा ठरवतो आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीत धाडून देतो, एवढं तेप्पेइला सकाळभरात पाठ झालं होतं. रेग्युलेटर बसला, दाब दाखवणारा काटा बसला. मग मामाने परतीची जुनी काळी नळी काढून फेकली आणि तिथे निळीशार, गुळगुळीत नळी चढवली.

“लाल आणि निळं! कसं दिसतंय?”

“गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानासारखं,” शेजारची कोझुए म्हणाली. तेप्पेइची मोठी बहीण इबुकी खो खो हसली. दोघी तेरा वर्षांच्या, आणि मामाची फिरकी घेण्यात दोघींचा हातखंडा.

फ्यूज परत बसला. मामाने काटा बघत स्क्रू फिरवून दाब लावला आणि दिवसभर येईल त्या पाहुण्याला इंजिन चालू करून दाखवलं. नळीचा उरलेला तुकडा तेप्पेइने पिपाणी म्हणून खिशात घातला.

खरं तर त्या घरात त्या दिवशी गाडीकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. फेब्रुवारीत आजी गेली होती, आणि ती गेल्यानंतरचं हे पहिलं ओबोन होतं. तिन्हीसांजेला दारात काड्यांचा जाळ करायचा आणि त्या उजेडात तिने घरी यायचं. आजोबा आठवडाभर त्याच तयारीत होते. दाराशी मातीची ताटली, तिच्यात वाळक्या पांढऱ्या काड्या, बाजूला पाण्याची बादली. ताटली इंचभर इकडेतिकडे झालेली त्यांना खपत नव्हती. “पहिलंच वर्ष आहे, वाट चुकायला नको,” ते पुन्हा पुन्हा म्हणत.

संध्याकाळी मामाने गाडी नेमकी दारात आणून लावली.

“बाबा, तुम्ही जाळ पेटवा, मी इंजिन चालू करतो. आईच्या ओळखीचा आवाज आहे. सरळ घरी येईल बघा.”

एरवी या आवाजावरून बडबड करणारे आजोबा नुसते मान हलवून आत गेले. त्यांचे डोळे भरलेले इबुकीला दिसले.

तेप्पेइ आणि कोझुएला घेऊन इबुकी दारात पाणी शिंपडायला आली आणि जागीच थांबली. “वास येतोय.”

“उदबत्तीचा,” मामा काळा कोट चढवत म्हणाला.

“उदबत्तीचा नाही. पेट्रोलचा.”

“नवं सामान आहे, पहिल्या दिवशी वास मारणारच. मी काय आज पहिल्यांदा पाना हातात धरलाय का?” मामा पाहुण्यांना बघायला आत निघून गेला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेप्पेइने गाडीच्या दाराजवळची कळ ओढून बॉनेट उघडलं. वाऱ्याबरोबर वासाचा भपकारा आला.

“ताई, हे बघ.” त्याने खिशातली पिपाणी निळ्या नळीशेजारी धरली. सकाळी दोन्ही तुकडे सारख्याच जाडीचे होते. आता गाडीतली नळी फुगून जाडजूड झाली होती. इबुकीने रुमाल टेकवला, तर तो ओला झाला.

“कुठे चीर नाही, भोक नाही,” ती पुटपुटली. “नळीच्या अंगातूनच पाझरतंय.”

“म्हणजे ही पेट्रोलची नळीच नाही,” तेप्पेइ म्हणाला. “हवेची नाहीतर पाण्याची असणार. निळी दिसली म्हणून घेतली याने!”

कोझुएचा चेहरा पांढरा पडला. तिचे बाबा गावच्या अग्निशमन पथकात होते. “पेट्रोलची वाफ वर जात नाही. जमिनीवरून सरपटते. बाबा दरवर्षी शाळेत येऊन सांगतात.” ती ताटलीकडे बघत राहिली. गाडीपासून ताटली जेमतेम चार पावलांवर होती.

“कोझुए, तू बाबांना घेऊन ये, पळ!” इबुकी म्हणाली. “तेप्पेइ, तो फ्यूज काढ. गाडी सुरूच व्हायला नको.”

कोझुए धावली. इबुकी आत शिरली, पण पाहुण्यांच्या घोळक्यात मामाने तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. “आत्ता नको गं इबुकी. आजोबांकडे बघ जरा, आजचा दिवस तरी शांत राहा.” तिने आजोबांना हाक मारली, तर ते हात जोडून उभे होते, काही ऐकण्याच्या पलीकडे.

सगळे दारात आले. मामा गाडीत बसला. आजोबा ताटलीसमोर गुडघ्यांवर बसले आणि खिशातून काडेपेटी काढली.

मामाने किल्ली फिरवली. खर्र, खर्र. इंजिन धरेना. त्याने पुन्हा फिरवली. बॉनेट होतं तसं लावून तेप्पेइ मागच्या सीटच्या आड मुठीत फ्यूज घट्ट दाबून बसला होता.

“राहू दे रे,” आजोबा म्हणाले. “ती माझा उजेड बघून येईल.” त्यांनी काडी काढून पेटीला टेकवली.

इबुकीने बादली उचलली आणि सगळंच्या सगळं पाणी ताटलीवर ओतलं.

काड्या वाहून गेल्या, आजोबांचे गुडघे भिजले, हातातली काडी चिंब झाली. त्यांनी मान वर करून नातीकडे असं पाहिलं की तिला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

“काय केलंस हे?” मामा ओरडत गाडीतून उतरला. “आज? आजच्या दिवशी?”

“खाली बघ, मामा,” ती रडत म्हणाली. “नुसतं खाली बघ.”

ओल्या फरशीवर गाडीच्या पोटाखालून रंग पसरत येत होते. निळे, जांभळे, सोनेरी. ते आजोबांच्या गुडघ्यांपर्यंत पोचले होते. मामा वाकला, बोट टेकवून वास घेतला, आणि त्याचा चेहरा कोटाहून काळा झाला. बॉनेट उघडून त्याने नळी दाबली. ती भिजलेल्या पावासारखी मऊ लागली.

“सगळे मागे व्हा,” तो कसाबसा म्हणाला. “बाबा, ती काडेपेटी माझ्याकडे द्या.”

कोझुएचे बाबा वाळूची पोती घेऊन धापा टाकत आले. सगळ्यांनी मिळून गाडी हातांनी ढकलत मोकळ्या शेतापर्यंत नेली. परत आल्यावर कोझुएच्या बाबांनी दारात वाळू पसरली आणि बजावलं, “आज इथे ठिणगीसुद्धा नको.”

आजोबा रिकामी ताटली घेऊन उभे होते. “मग तिला वाट कशी कळणार?”

“आमच्याकडे थेट थडग्यापाशी जाऊन कंदील पेटवतात, आजोबा,” कोझुए हळूच म्हणाली. “आणि तोच उजेड घरी आणतात.”

सगळे देवळामागच्या टेकडीवर गेले. आजोबांनी आजीच्या दगडापुढे मेणबत्ती लावली आणि तिच्यावरून कागदी कंदील पेटवला. कंदील धरायचा मान घरातल्या कर्त्या माणसाचा. आजोबांनी तो मामाकडे दिला नाही, स्वतःकडेही ठेवला नाही.

“इबुकी, तू धर. तुम्ही तिघं होतात म्हणून आज तिला यायला घर उरलंय.”

मामा पुढे आला. त्याने तिघांसमोर मान खाली घातली, पार कमरेपर्यंत. “मी तुमचं ऐकायला हवं होतं,” तो म्हणाला. तेप्पेइने फ्यूज त्याच्या हातावर ठेवला.

पुढे कंदील, मागे सगळं घर, अशी ती माणसं अंधारून येणाऱ्या वाटेने खाली उतरली. पुढच्या दाराला वळसा घालून इबुकी मागच्या अंगणात आली, तिने दार सरकवलं आणि कंदील उंच धरला.

“आजी, आज इकडून ये,” ती म्हणाली. “पुढची पायरी ओली आहे.”