कोंबड्यांखालून निघालेली येझदी

"तो कप माझ्या देव्हाऱ्याजवळ ठेवू नको! उचल आधी!"

कोकिळेच्या आवाजानं जळगावजवळच्या असोदा गावातल्या त्या घरातली मांडणीवरची भांडीसुद्धा दचकली असतील. हातात चकचकीत कप घेतलेला प्रेमराज तर जागच्या जागी गारठला. तिचा हा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. वडिलांची, म्हणजे कैलासवासी तोतारामनानांची जुनी येझदी त्यानं वर्षभर खपून नवीकोरी केली होती, आणि जळगावात भरलेल्या जुन्या मोटरसायकलींच्या मेळाव्यात आज तिला पहिला नंबर मिळाला होता. घरी गेल्यावर अक्का ओवाळील, या आशेनं गडी आला... आणि अक्का आग ओकत होती!

"अक्का, झालं काय?"

"काय बोलला तू त्या माईकवर? गाडी गोठ्यात सडत पडली व्हती? वर कोंबड्या बसत व्हत्या?"

प्रेमराज ओशाळून हसला. "अगं, तिथं तसं सांगावंच लागतं."

यात मात्र तो खोटं बोलत नव्हता. या शौकिनांची रीतच न्यारी. ज्याची गाडी जास्त सडलेली सापडली, त्याचा पराक्रम मोठा, नंबरही त्याचाच! कुणाची विहिरीतून निघालेली, कुणाची भंगारवाल्याच्या काट्यावरून ओढून आणलेली... 'घरातच होती, बरी होती' म्हणणाऱ्याकडे तिथं कोण ढुंकून बघतो? म्हणून प्रेमराजनं आपल्या गोष्टीत कोंबड्या सोडल्या. पण त्या कोंबड्या गर्दीत उभ्या असलेल्या कोकिळेच्या अंतःकरणाला चोची मारत सुटल्या होत्या!

कारण नाना गेल्यापासून ती गाडी राखली होती तिनं. दर शनिवारी वरची गोधडी काढायची, प्लग खोलून आत तेलाचे थेंब सोडायचे, पिस्टन जाम होऊ नये म्हणून किक हातानं हळूहळू फिरवायची, उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्ही सायलेन्सरांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे... हे सगळं नानांनीच शिकवलं होतं. आणि गाडी चालवणं पोरींचं काम नाही, हेही नानांनीच बजावलं होतं!

"पुण्याचा मेकॅनिक म्हणालाच," प्रेमराज सारवासारव करू लागला, "इतकी वर्षं उभी राहून इंजिन जाम नाही, नशीब तुमचं. मी म्हटलं, आमच्या खान्देशातली कोरडी हवा..."

"हवा! मी हवा हाये का रे?"

"बरं बाई, चुकलो! पण इतका राग? साक्रीच्या त्या नवरदेवाला नाक मोठं म्हणून हाकललंस, तेव्हाही एवढी तापली नसशील."

घरातली ही जुनी थट्टा. कोकिळा दर वेळी ती हसून गिळायची. आज तिच्या ओठावर हसू आलं नाही, आणि खाटेवर पडलेल्या कमलबाई, त्यांची म्हातारी आई, ताडकन उठून बसल्या.

"नाक? कोणाचं नाक? त्या लोकाईनं हुंड्यात हीच येझदी मागितली व्हती! नाना तर हो म्हणून बसले व्हते. तू एवढासा... चाकाले मिठी मारून रडत बसला, जेवला नही. तवा हिनं सांगितलं, मले नवरा पसंत नही, त्याचं नाक मोठं हाये. तुह्यासाठी रे, मेल्या! अन् लग्न मोडलेल्या पोरीले पुढं कोण इचारतं?"

"आई, गप बस!" कोकिळा किंचाळली, आणि आज पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला. जे आपण आपखुशीनं दिलं ते कुणी चव्हाट्यावर मांडलेलं तिला सोसत नव्हतं; पण त्यावर कुणी कोंबड्या बसवाव्यात, हे तर त्याहून सोसत नव्हतं!

प्रेमराजच्या हातातला कप खाली पडून गडगडला. "अक्का... मला कधीच... कुणी सांगितलंच नाही..." तो तिच्या पायांवर कोसळला.

"पाय सोड! पाया पडणं सोपं असतं तुमाले. चार भिंतींत रडून काय उपेग? खोटं माईकवर बोलला ना? मंग खरंही माईकवरच बोल."

"कप काढून घेतील, अक्का. लोक हसतील."

"हसू दे! मी काय कमी हसली का आजवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळाव्यातल्या सगळ्या गाड्या जळगावहून धुळ्याकडे निघायच्या होत्या. निघण्यापूर्वी प्रेमराजनं माईक मागून घेतला. "मित्रांनो... कोंबड्या खोट्या आहेत. माझी गाडी सडली नव्हती. माझ्या बहिणीनं ती जपली. या गाडीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, तिनं स्वतःचं लग्न मोडलं... आणि मी तिचं नावही घेतलं नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "उडाल्या रे कोंबड्या!" हशा पिकला. मेळाव्याचे प्रमुख रुपचंदशेठ खाकरत पुढे आले आणि त्यांनी कप परत मागितला. प्रेमराजनं मुकाट्यानं दिला.

कोकिळा बघत होती. राग गेला नव्हता. इतका मुरलेला राग काय एका सकाळीत जातो? पण सगळ्यांच्या हशात मान खाली न घालता उभा राहिलेला तो भाऊ तिला, कितीतरी वर्षांनी, आपला वाटला. तिनं पदर खोचला आणि कुणी बोलावण्याआधीच मागच्या सीटवर जाऊन बसली.

धुळ्याच्या रस्त्यावर प्रेमराज गाडी अशी चालवत होता, की जणू मागं काचेचं सामान बांधलंय. एकेक गाडी हॉर्न मारून पुढं निघून जात होती. एरंडोल मागं पडलं तशी कोकिळेनं त्याच्या पाठीत जोरात गुद्दा घातला.

"काय रे, माझ्या गाडीले एवढंच पळता येतं का?"