जाड्याचं वजन

सोमवारी सकाळी माझं पहिलं काम म्हणजे परत आलेली खेळणी वजनकाट्यावर ठेवणं.

खेळणी म्हणजे तुम्हाला वाटतील तशी नव्हेत. ज्यांना उगाचच धडधडतं, घाम फुटतो, ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही, अशा माणसांसाठी आमच्या इस्पितळात एक विभाग आहे. तिथे मुठीत दाबायचे मऊ चेंडू आहेत, बोटं फिरवायला खरखरीत आणि गुळगुळीत कापडाच्या पट्ट्या आहेत, आणि जड प्राणी आहेत. हे प्राणी कापडी, पण आत काचेचे बारीक मणी भरलेले. मांडीवर किंवा छातीवर ठेवले की त्या भारानं जीव निवतो. लोक ते पंधरा दिवस घरी नेतात. परत आले की मी ते धुते, वाळवते, कुठे फाटलं असेल तर शिवते. मी मूळची शिवणकाम करणारी. वजन करायचं ते अशासाठी, की कमी भरलं तर समजायचं, टीप उसवलीय आणि मणी गळतायत. एखाद्या तान्ह्या मुलाच्या घरी तसं गेलं तर पंचाईत.

जाड्या कमी भरला नाही. जास्त भरला.

जाड्या म्हणजे राखाडी मखमलीचा एक पाणघोडा. कुणीतरी खोकंभर सामान आणून दिलं होतं, त्यातून आलेला. बनवणाऱ्याची चिठ्ठी कुठेच नव्हती. पहिल्या दिवशी वजन करून मीच त्याच्या पोटाखाली फीत शिवली होती, दोन किलो. आणि त्या सोमवारी काटा दाखवत होता दोन किलो चाळीस ग्रॅम. ओल धरली असेल म्हणून मी तो दोन दिवस उन्हात ठेवला. मखमल तापून खरपूस झाली. वजन तेवढंच.

तो नेला होता एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांनी. मास्तर नवव्या मजल्यावर राहायचे आणि त्यांना लिफ्टची भीती. रोज नऊ जिने चढून गुडघ्यांची वाट लागली होती.

"काय मास्तर, गुडघे काय म्हणतात?" परत द्यायला आले तेव्हा मी विचारलं होतं.

"त्यांना रजा दिलीय. लिफ्टनं येतो-जातो आता. एकदम हलकं वाटतंय हो."

त्यांच्यानंतर एक पोरसवदा आई तो घेऊन गेली. बाळ सहा महिन्यांचं. झोपेत त्याचा श्वास थांबेल या धास्तीनं ती रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. डोळ्यांखाली शाई फासल्यासारखं काळं झालेलं. पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा चेहरा पुसून काढल्यासारखा स्वच्छ होता. ती माझ्या टेबलाशी उभी राहून फॉर्म भरत होती, आणि शेजारी बाबागाडीत बाळ रडत होतं. साधं रडणं नव्हे. टाहो फोडून, लालबुंद होऊन, श्वास कोंडून रडणं. बाळाच्या गळ्याभोवती दुपट्याचा पीळ बसला होता. ती आपली एकेक रकाना सावकाश भरत होती.

मी धावत जाऊन तो पीळ सोडवला.

"अगं, बघ तरी!" मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं, गोड हसली. "काही होत नाही हो."

जाड्या दोन किलो एकशेतीस भरला.

मी हे आमच्या मॅडमना सांगितलं. त्या उपचार करतात, हा सगळा विभाग त्यांचाच. त्या म्हणाल्या, "काटा बिघडला असेल. माणसं बरी होतायत, आणि तुम्ही ग्रॅम कसले मोजताय?"

तेही खरंच होतं. मी काटा बदलून घेतला. नवा काटाही तेच सांगू लागला. मग मी सांगणं सोडून दिलं.

आता घरचं सांगते. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी आणि माझी नणंद. तिनं लग्न केलं नाही, आणि मलाही जायला दुसरी जागा नाही, म्हणून दोघी राहिलो ते राहिलोच. ती एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होती. हातभर उंचीची थप्पी ते पातं एका दमात कापतं. अकरा वर्षं तिनं ते चालवलं. मग तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईची दोन बोटं गेली, हिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून हिचे हात थरथरायला लागले. चहाचा कप धरवेना. छापखान्याच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. मालकांनी महिनाभर दम धरला, मग म्हणाले, सोमवारपासून येणार असशील तर ये.

म्हणून शनिवारी मी नियम मोडून जाड्याला पिशवीत घालून घरी आणलं. वजन वाढतंय हे ठाऊक असूनही आणलं. तिचे ते हात मला बघवत नव्हते.

नणंदेनं पिशवीत डोकावून पाहिलं. "वहिनी, स्थळ आणलंस होय माझ्यासाठी? जरा जाड आहे, पण चालेल. बोलत तर नाही."

रविवारी दुपारभर तो तिच्या मांडीवर होता. संध्याकाळी तिनं चहा केला आणि दोन्ही कप एका हातात धरून आणले. थेंब सांडला नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी ती कामावर गेली. मंगळवारी मला दिसलं, ती माझ्याशी बोलता बोलता कांदा चिरतेय आणि सुरीकडे बघतच नाहीये. बुधवारी तिनं गॅसवरचं भांडं फडक्याशिवाय उचललं. चर्र झालं. तिनं ते शांतपणे ओट्यावर ठेवलं आणि तळहात नाकाशी नेऊन वास घेतला.

"भाजलं की गं!" मी ओरडले.

"हो ना," ती म्हणाली. जणू दुसऱ्या कुणाचा हात होता.

गुरुवारी छापखान्याच्या फोरमनचा मला फोन आला. तो हळू आवाजात बोलत होता, बाजूला कुणी ऐकू नये तसा. "ताई, तुमच्या नणंदेला घेऊन जा. पातं खाली येत असताना ती आत हात घालून कागद सारखे करते... मी दोनदा मशीन बंद केलं. ओरडलो तर हसते माझ्याकडे बघून. मला आता तिच्याजवळ उभं राहवत नाही."

मी तिला घरी आणलं, शेजारणीला तिच्यासोबत बसवलं आणि जाड्याला घेऊन तशीच इस्पितळात गेले. मॅडम सुट्टीवर होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर येत होतं, बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. मी त्याला काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे दहा.

पोटाखालची टीप मी उसवली. मणी परातीत ओतले. नेहमीचेच मणी, पारदर्शक, वाटाण्याहून लहान. एकही वावगी वस्तू त्यात नव्हती. ते तोलले तर भरले एक किलो आठशे. मूळ वजन दोन किलो, म्हणजे कापडाचं वजन दोनशे ग्रॅम असायला हवं.

रिकामी खोळ मी काट्यावर ठेवली. पाचशे दहा.

एवढंसं लोळागोळा झालेलं कापड. त्यात काही नव्हतं. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं ऊन दिसत होतं. पण हातात घेतलं की ओढ लागायची, खाली. आणि ते थरथरत होतं. अगदी बारीक, पावसात भिजलेल्या मांजरासारखं.

आता कुठलंही शिवलेलं खेळणं तपासायचं तर ते आतून बाहेर उलटायचं असतं. हात आत घालायचा, टोकाचं कापड चिमटीत धरायचं आणि ओढायचं. हजारदा केलेलं काम. मी हात घातला.

आत गार होतं. मनगटापर्यंत गेला तेव्हा मला ग्रीसचा आणि जुन्या लोखंडाचा वास आला, आणि एकदम वाटलं, दार बंद झालंय. चारी बाजूंनी पत्रा आहे आणि वर कुठेतरी दोर कुरकुरतोय. मास्तर. मला ते लगेच समजलं, कसं ते विचारू नका. थोडं पुढे गेल्यावर दुधाचा आंबूस वास आला आणि मग एक शांतता, एक श्वास आत घेतला गेलाय आणि बाहेर यायचाय... तो येत नाही... अजून येत नाही. माझ्या घशातून आवाज निघाला. त्याच्याही पुढे कोपराजवळ आमची नणंद होती. पातं वरून येत होतं आणि खाली कुणाची तरी दोन बोटं कागदावर पडली होती, नखांना रंग लावलेली.

मी हात ओढून घेणार होते. पण बोटांची टोकं खोळीच्या पार शेवटाला, पाणघोड्याच्या तोंडाशी पोचली होती. तिथे आणखी एक भीती होती.

ती कुणाची ते मला ओळखता आलं नाही. तिला वास नव्हता. फक्त मिट्ट काळोख होता, अंग चोरून बसायला पुरेल एवढा, आणि त्या काळोखात बसलेल्या कुणाला तरी दिसत होतं की पलीकडून एक हात येतोय. बाईचा. अंगठ्याला सुई टोचल्याच्या खुणा असलेला. तो हात जवळ येतोय...

माझ्या बोटांसमोरून काहीतरी मागे सरकलं.

मी हात बाहेर काढला आणि परातीतले मणी एका डब्यात भरून ठेवले. मग खोळ तशीच घडी करून पिशवीत घातली. भीती वाटत नव्हती असं नाही, पण घरी आणखी मोठं काम होतं.

नणंद खिडकीत बसली होती. कठड्यावर, पाय बाहेर सोडून. शेजारीण स्वयंपाकघरात होती, तिला पत्ता नव्हता. मी नणंदेला आत ओढलं, शेजारणीला घरी पाठवलं, आणि काय पाहिलं ते सगळं सांगितलं.

"यात हात घाल," मी म्हटलं.

"नको." तिचा आवाज मऊ होता. "वहिनी, महिनाभर मी कशी जगले तुला माहितीये ना? दाराची बेल वाजली तरी दचकून उठायचे. आता काही म्हणजे काही वाटत नाही. किती छान आहे. आणि तू मला ते परत घे म्हणतेस?"

"हो."

"कशाला? झालंय का मला काही?"

"झालं नाही अजून. तू खिडकीत बसली होतीस."

"वारा येत होता."

मी खिडकी लावून घेतली. शेवटी म्हटलं, "या घरात आता मी एकटीच घाबरते. तुझ्या वाट्याचंही मीच घाबरते. मला झेपत नाही गं."

तिची भीती गेली होती, पण माझ्यावरचा लोभ शिल्लक असावा. तिनं खोळ घेतली आणि बाही चढवावी तसा हात आत घातला.

तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला पुन्हा ऐकायचा नाही. तिनं हात बाहेर काढला, दहाही बोटं मोजली, आणि भाजलेला तळहात छातीशी धरून "दुखतंय, वहिनी, दुखतंय" म्हणत माझ्या कुशीत शिरली. आम्ही दोघी जमिनीवर बसून होतो, दिवे लावायची वेळ टळून गेली तरी.

छापखाना तिनं सोडला. आता एका दुकानात वह्या विकते. हात अजून थरथरतात, पण कमी. रस्ता ओलांडताना माझा दंड इतका घट्ट धरते की वळ उठतात.

त्या आईला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. काहीतरी फॉर्मचं कारण सांगितलं आणि म्हटलं, जरा यात हात घालून बघ, आत काही अडकलंय का. तिनं घातला. मग ती मटकन खाली बसली आणि तिनं बाबागाडीतून बाळाला असं उचललं, जणू पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच बघतेय.

मास्तरांना फोन केला तर सुनेनं उचलला.

"बाबा गेले. तुम्हाला कळलं नाही का?" ती म्हणाली. "आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, पण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती. शेजारचे बाजूलाच उभे होते, ओरडले, मास्तर, थांबा. बाबांनी वळून पाहिलं, हसले, आणि आत गेले."

मी बरं म्हटलं.

खोळ भरली दोनशे चाळीस. वरचे चाळीस ग्रॅम मास्तरांचे. ते घ्यायला आता कुणी येणार नव्हतं. दुसरं जे काही होतं, त्याचं वजन किती आणि ते कुणाचं, हे मला सांगता येत नाही. मॅडमना विचारलं, ते खोकं कुणी दिलं होतं. त्यांच्याकडे नोंद नव्हती.

मी ठरवलं की उसवलेलं पोट तसंच उघडं ठेवायचं. जे असेल त्याला जायचं तर जाऊ दे. संध्याकाळी खोळ टेबलाच्या मधोमध ठेवली, तोंड खिडकीकडे करून. सुया, दोरे, कात्री सगळं कपाटात बंद केलं. खोलीला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

सकाळी कुलूप उघडलं तेव्हा खोळ जागची हलली नव्हती. पण पोटाची टीप शिवलेली होती.

मी भिंगाखाली धरून पाहिली. चाळीस वर्षं मी सुई चालवतेय, असे टाके मला जमत नाहीत. एकसारखे, बारीक, एकमेकांना खेटून, जणू शिवणाऱ्याला कणभरही फट राहू द्यायची नव्हती. दोरा मखमलीच्याच रंगाचा होता, तसला आमच्याकडे नाही. मी गाठ शोधली. खेळणं शेवटी बंद करतो ते बाहेरून, त्यामुळे शेवटची गाठ बाहेर येते आणि मग ती कापडात लपवावी लागते. मी टिपेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवलं.

बाहेर गाठ नव्हती. कापडाच्या आतल्या बाजूला, शेवटच्या टाक्याखाली, ती बोटाला लागत होती.