धाकट्याची भेट

दुपारी तिसरं खोकं दारात उतरलं, तरी पुस्तकबांधणी करणाऱ्या थोरल्या भावाने हातातली सुई खाली ठेवली नाही. सकाळी लोकरीचा कोट आला, मग कागद कापायचं नवं यंत्र, आणि आता उंची चामडं! प्रत्येकावर तीच चिठ्ठी – 'दादासाठी. मी मागून येतोय.'

"परत पाठव सगळं," तो बायकोला म्हणाला.

"अहो, धर्मग्रंथातल्या त्या थोरल्या भावाला फसवणाऱ्या धाकट्यानेही समेटासाठी आधी गुरांचे कळपच पाठवले होते ना? त्या ग्रंथाला तुम्हीच कितीदा पुठ्ठे घातलेत!"

त्याने पुढचा टाका घातला. वीस वर्षांपूर्वी, दृष्टी गेलेल्या वडिलांनी आपलं पुस्तकबांधणीचं दुकान थोरल्याच्या नावे करायचं ठरवलं, आणि धाकट्याने थोरल्याचा सदरा घालून, थोरल्याचा आवाज काढून, दुकान आपल्या नावे करणाऱ्या कागदावर त्यांचा अंगठा उठवून घेतला! थोरला मुकाट्याने बाहेर पडला आणि दुसऱ्याच्या छापखान्यात राबत राहिला...

इतक्यात धाकटा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. केस पिकलेले, मान खाली.

"दादा, ठेवून घे रे एवढं."

"मला काही कमी नाही. तुझं तुला राहू दे."

"तू तेव्हा भांडला का नाहीस? बाबांना एका शब्दाने सांगितलं असतंस, तर दुकान तुझंच होतं!"

थोरल्याने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आणि पोटच्या पोराने फसवलं, हे मनात घेऊन बाबा गेले असते त्याचं काय? तू दुकानात असायचास तेव्हा मी रोज घरी जाऊन त्यांना सांगायचो, 'बाबा, माझं दुकान छान चाललंय.' ते हसायचे रे... हसतच गेले."

धाकटा दोन पावलं आत आला. "म्हणजे माझं पाप तू... इतकी वर्षं..." त्याने खोकी पुढे सरकवली. "दादा, एक तरी वस्तू घे. नाहीतर मी कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

देणं थोरल्याला आयुष्यभर सोपं गेलं होतं. या हातांतून घेणं मात्र किती जड! तरी तो उठला, कोट उचलून अंगात घातला, आणि त्याने धाकट्याला घट्ट कवटाळलं. अंतःकरणात वीस वर्षं गोठलेलं काहीतरी हळूहळू वितळू लागलं...

डोळे पुसत बायको म्हणाली, "भावजी, जेवून जायचं बरं का."

"जायचं कशाला?" थोरला म्हणाला. "त्याचं अंथरूण माझ्याशेजारी घाल."